मनोची आई

पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की आपल्याला शारदा सदन आठवतं, केडगावचं मुक्ती मिशन आठवतं, फार तर कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी. मला मात्र अलीकडे त्यांची पत्रं वाचल्यापासून आठवते ती मनोची आई. मनो म्हणजे मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक. या पत्रांमध्ये धर्म आहे, वाद आहेत, पण पानं उलटत गेलं की जाणवतं, अर्ध्या भांडणांच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे. हे मूल कुणाचं, आणि ते कसं वाढवायचं हे ठरवणार कोण?

रमाबाईंना माहेर असं उरलंच नव्हतं. १८५८चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जनांचा रोष ओढवून घेतला आणि रानात जाऊन राहिले. ती आई, लक्ष्मीबाई, पहाटे घरकामाला लागण्याआधी झोपाळलेल्या रमेला मांडीवर घेऊन श्लोक म्हणून घ्यायची. पुढे दुष्काळात आई, वडील, बहीण सगळेच गेले. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरेनात तेव्हा रमाबाईंनीच हात लावला, आणि उंची कमी म्हणून तिरडी डोक्यावर घेतली. १८८० साली भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे सासरही जवळजवळ नव्हतंच. एप्रिल १८८१मध्ये मनोरमा झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचं पोर. त्या काळात अशा बाईला एकतर दीर-सासऱ्याच्या घराचा कोपरा, नाहीतर रस्ता.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, आणि त्या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या तिकिटाची सोय केली. वैद्यक शिकायचं होतं. १८८३ साली दोन वर्षांच्या मनोला घेऊन बोटीत बसल्या. सोबत आनंदीबाई भगत होत्या. वाँटेज गावी सेंट मेरीच्या सिस्टरांच्या मठात राहायचं, हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचं, बदल्यात शिक्षण आणि आसरा, असा तो करार. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात आपल्या भाषेत बोलायला एकच माणूस, तेही गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मनोरमेचाही त्याच दिवशी झाला. अडीच वर्षांच्या मुलीला कोण विचारणार?

इथून पुढे गोष्टीत आजीबाई येतात. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांतून आजीबाई म्हणायच्या. नातं मानलेलं, पण खोटं नव्हे. या बाईनं मायलेकींना खरोखर जीव लावला. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या तेव्हा मनोकडे बघायला वाँटेजच्या सिस्टर होत्याच. आपल्यापैकी ज्यांनी मूल सासूबाईंच्या नाहीतर शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवून नोकरी केली, त्यांना पुढचं फार समजावून सांगायला नको. जी सांभाळते तिचा हक्क तयार होतो. उपकार आणि हक्क यांच्यामधली रेघ फार बारीक असते हो!

रमाबाईंचं म्हणणं असं, की मी ख्रिस्ताला मानलं, पण चर्चच्या प्रत्येक नियमापुढे मान तुकवायचं कबूल केलेलं नाही. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या गळी उतरत नव्हता. मग जे आपल्यालाच पटत नाही ते आपल्या चिमुरडीच्या डोक्यात दुसऱ्या कुणी भरावं, हे त्यांना कसं चालेल? आजीबाईंचं म्हणणं असं, की मुलीचा बाप्तिस्मा झालाय, तिला पूर्ण धर्मशिक्षण देणं ही आमची जबाबदारी, आणि आईचा हा हट्ट म्हणजे निव्वळ गर्व. रमाबाई मांस-अंडी खात नाहीत, यातही त्यांना जातीचा ताठा दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हाही तेच. आणि या मुलीला उद्या आपल्या देशात, आपल्या माणसांत राहायचंय, तिची पुरती इंग्रज मड्डम होता कामा नये, ही चिंता तर आईच्या डोक्यातून कधी गेलीच नाही.

मला कौतुक वाटतं ते याचं, की दोघींपैकी कुणीच नातं तोडलं नाही. रमाबाई ज्या पत्रात ताडताड उत्तरं देतात त्यातच मायेनं चौकशीही करतात. अन्नाला जागायचं, पण आईपण विकायचं नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्याला रमाबाई मनोला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेतला मुक्काम लांबला, तेव्हा लेक काही काळ पुन्हा वाँटेजलाच राहिली. एवढं भांडूनही विश्वासानं मूल ठेवायची जागा तीच होती. इकडे आई अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरत होती, विधवांच्या शाळेसाठी पैसे जमवत होती आणि लेकीला पत्रं लिहीत होती.

ती शाळा, शारदा सदन, ११ मार्च १८८९ला मुंबईत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुण्याला आली. धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती नाही, हा नियम होता. पण रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोला जवळ घेऊन बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि खोलीचं दार उघडं असायचं. हळूहळू सदनातल्या मुली येऊन बसायला लागल्या. त्यातल्या बऱ्याचशा बालविधवा, आईवेगळ्या. मायलेकी एकत्र बसल्यात हे दृश्यच त्यांना ओढून आणत असेल, असं आपलं मला वाटतं. पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. दार बंद करून प्रार्थना केली असती तर एवढं झालं नसतं. रमाबाईंनी दार बंद केलं नाही.

इथे मी थोडी अडखळते. स्वतःच्या मुलीला कुणी सिद्धांत पाजू नयेत म्हणून जी आई वाँटेजच्या सिस्टरांशी भांडली, तिच्याच मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो अनाथ मुली ख्रिस्ती झाल्या. १९००च्या सुमारास केडगावला दीड हजारांहून जास्त जणी होत्या. रमाबाईंनी त्यांना मरणाच्या दारातून आणलं, विणकाम, छपाई, शेती शिकवून पायावर उभं केलं, यात वादच नाही. पण मनोसाठी त्यांनी जी मोकळीक मागितली ती या पोरींना कितपत मिळाली? आता त्या स्वतःच आजीबाईंच्या जागी होत्या. त्यांचं मोठेपण मान्य करूनही हा प्रश्न मला सोडवत नाही.

मनोरमा मात्र ना मड्डम झाली ना बंडखोर. इंग्लंड-अमेरिकेत शिकून ती आईकडेच परतली, लग्न न करता मुक्तीच्या कामाला लागली. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवण्याचं काम तिनं तिथे उभं केलं. हजारो मुलींनी वाटून घेतलेल्या आईची सख्खी लेक असणं सोपं नसणार. आईला नंतर ऐकू येईनासं झालं, तेव्हा बाहेरचा सगळा व्याप मनोरमाबाईंनी अंगावर घेतला. आई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होती, साध्या बायकांना वाचता येईल असं.

आपल्यामागे मुक्ती लेकीनं चालवावी, असं रमाबाईंनी मनात धरलं होतं. पण जुलै १९२१मध्ये चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाई मिरजेला वारल्या. थकलेली आई केडगावात भाषांतराची उरलेली पानं तपासत राहिली. ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या. मायलेकींची ती पत्रं जपून ठेवली, जुळवून संगतवार लावली ती सिस्टर जेराल्डिननी. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली. आजीबाईंनी त्यात स्वतःला बोललेले टोमणेही गाळले नाहीत.