रस्ते बांधणारा मेंढपाळाचा मुलगा

बालमित्रांनो, सुट्टीत आपण स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये फिरायला जातो. तिथले कितीतरी जुने रस्ते थॉमस टेलफर्डने आखले आहेत.

थॉमसचा जन्म १७५७ साली स्कॉटलंडमधील एस्कडेल येथे झाला. तो काही महिन्यांचा असतानाच मेंढपाळ वडील वारले. आईने कष्ट करून त्याला वाढवले. थॉमस पाथरवट झाला. पुढचे इंजिनीअरिंग तो काम करता करता व पुस्तके वाचून शिकला. कामासाठी दूर गेल्यावर आईला सहज वाचता यावे म्हणून तो पत्रे छापील अक्षरांत लिहीत असे.

त्या काळी हायलँड्समध्ये चांगले रस्ते व रोजगार नसल्याने माणसे गाव सोडून परदेशी जात. थॉमसने पाहणी केल्यावर १८०३ साली सरकारने आयोग नेमला. निम्मा खर्च सरकारने, निम्मा जमीनदारांनी करायचा असे ठरले. सुमारे अठरा वर्षांत ९०० मैलांहून अधिक रस्ते व हजारावर पूल तयार झाले.

पण पावसापाण्याने नवा रस्ताही खचतो. म्हणून १८१४ साली दुरुस्तीसाठीही कायदा झाला. आम्हा इंजिनीअर मंडळींना हेच मोठे वाटते. पुलाचे उद्घाटन थाटात होते. गटार उपसणाऱ्याला कोणी हार घालत नाही. रस्ता मात्र त्याच्यामुळेच टिकतो.

१८३४ साली थॉमस वारला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरले.

मुलांनो, आपल्या मराठीलाही अशीच डागडुजी लागते. या आठवड्यात आजीला सुवाच्य अक्षरांत एक पत्र लिहाल ना?