मालकी सोडणारे घराणे

वर्तमानपत्राचा मालक आणि संपादक एकच असला म्हणजे वर्तमानपत्र स्वतंत्र राहते, असे मानणारे लोक आहेत. आणि तसे असले म्हणजे ते एका माणसाच्या लहरीवर चालते, असे म्हणणारेही आहेत. दोन्ही पक्षांना पुरावा देता येईल इतकी उदाहरणे वृत्तपत्रांच्या इतिहासात सापडतात. ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक चार्ल्स प्रेस्टविच स्कॉट यांचे चरित्र या वादात फार उपयोगी पडते; कारण या गृहस्थांना संपादकपद मिळाले ते नात्यामुळे, मालकी मिळाली ती कर्ज काढून आणि त्यांच्या मुलाने ती मालकी आपखुशीने सोडून दिली.

हे पत्र मुळात एका गावचे होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकार मागण्यासाठी जमलेल्या नि:शस्त्र जनसमुदायावर घोडदळ घालण्यात आले. काही माणसे ठार झाली, शेकडो जखमी झाली. या हत्याकांडाने अस्वस्थ झालेल्या जॉन एडवर्ड टेलर या कापसाच्या व्यापाऱ्याने मित्रांकडून भांडवल गोळा करून ५ मे १८२१ रोजी ‘मँचेस्टर गार्डियन’ हे साप्ताहिक काढले. वर्तमानपत्रांवरील मुद्रांक-कर १८५५ मध्ये उठला, तेव्हा ते दैनिक झाले. सुधारणावाद हे त्याचे ब्रीद खरे. पण ते ज्या कापसावर पोसले, तो अमेरिकेतील गुलामांनी वेचलेला होता आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात या पत्राने लिंकन यांच्यावर टीकाही केली. संस्थापकांच्या या संबंधांबद्दल पत्राच्या विश्वस्तांनी २०२३ साली जाहीर क्षमायाचना केली. स्कॉट यांच्यापूर्वीचे ‘गार्डियन’ हे असे सुखवस्तू, सावध आणि बऱ्याच अंशी व्यापाऱ्यांचे पत्र होते.

स्कॉट यांचा जन्म १८४६ मध्ये बाथ येथे, युनिटेरियन पंथाच्या कुटुंबात झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण संपल्यावर पत्राचे तत्कालीन मालक, म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव आणि स्कॉट यांचे आतेमामेबंधूंच्या नात्यातले आप्त, यांनी त्यांना बोलावून घेतले आणि १८७२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, संपादकाच्या खुर्चीत बसवले. आजच्या भाषेत याला वशिलेबाजीच म्हटले जाईल. मात्र त्या खुर्चीत ते सत्तावन्न वर्षे बसले आणि त्यांनी आपल्याभोवती जमवलेल्या माणसांची निवड पाहिली की मूळ वशिल्याचा विसर पडतो. समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस, निबंधकार माँटेग्यू ही मंडळी त्यांनी लिहिती ठेवली. मराठी क्रिकेटप्रेमींना ज्यांचे नाव परिचित आहे, ते नेव्हिल कार्डस याच कचेरीत घडले. गावातल्या नाटकांवर आणि संगीताच्या जलशांवर गंभीरपणे लिहिले पाहिजे, असा या पत्राचा आग्रह असे. स्वत: स्कॉट वृद्धापकाळीही सायकलवरून कचेरीत येत.

त्यांची खरी कसोटी लागली ती बोअर युद्धात. ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा सारे इंग्लंड युद्धज्वराने भारले होते. स्कॉट तेव्हा लिबरल पक्षाचे खासदारही होते. म्हणजे वाचक गमावण्याचे भय होतेच, त्यात मतदार गमावण्याच्या भयाची भर पडली. त्यांनी या युद्धाला अन्याय्य म्हणून विरोध केला. एमिली हॉबहाउस यांनी दक्षिण आफ्रिकेतील बंदी-छावण्यांची हकीकत १९०१ मध्ये इंग्लंडात आणली, तेव्हा तिला या पत्राने आधार दिला. त्या छावण्यांत सुमारे २६ हजार बोअर बायका-मुले रोगराईने व उपासमारीने मेली. काळ्या आफ्रिकनांच्या वेगळ्या छावण्या होत्या, तेथील मृतांची मोजदाददेखील कोणी धड ठेवली नाही. आपलेच सैन्य परमुलखात असे वागते, हे छापणारे पत्र देशद्रोही ठरले. खप घसरला. कचेरीला आणि संपादकाच्या घराला पोलीस पहारा बसवावा लागला. एवढे होऊनही संपादकीय धोरण बदलले नाही आणि लंडनमध्ये राहणाऱ्या मालकाने संपादकाचा हात धरला नाही. या दुसऱ्या गोष्टीचे श्रेय टेलर यांना सहसा दिले जात नाही; ते द्यावयास हवे.

हे टेलर १९०५ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी स्कॉट यांच्या पत्नी रेचेल यांचेही निधन झाले. पत्र स्कॉट यांच्याकडे जावे अशी टेलर यांची इच्छा होती; पण मृत्युपत्रातील शब्द संदिग्ध निघाले आणि विश्वस्तांपुढे बाजारभावाचा प्रश्न उभा राहिला. पस्तीस वर्षे राबून आपणच मोठ्या केलेल्या पत्राची किंमत आता स्कॉट यांना मोजावयाची होती! साठी उलटलेल्या या गृहस्थांनी १९०७ साली कर्जाऊ रकमांच्या आधारे २ लाख ४२ हजार पौंडांना ते विकत घेतले. मालक झाल्यावर पत्र हे धनाचे साधन नाही, या समजुतीने ते वागले. मिळालेला नफा पत्रातच घातला जाई.

शताब्दीनिमित्त १९२१ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखातील वस्तुस्थितीच्या पावित्र्याविषयीचे वाक्य जगभर गाजले. ते इतके गाजले की त्या लेखातील, वर्तमानपत्र ही एक प्रकारची मक्तेदारी असते आणि तिचा मोह टाळणे हे तिचे पहिले कर्तव्य आहे, हा अधिक अवघड विचार मागे पडला. स्वत: स्कॉट सत्तेच्या सान्निध्यापासून पूर्ण अलिप्त होते, असेही नाही. लॉइड जॉर्ज यांच्याशी त्यांची सलगी होती. मँचेस्टरच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे झिओनिस्ट नेते वाइझमान यांना त्यांनी लॉइड जॉर्ज यांच्यापर्यंत पोहोचवले. त्या मार्गाने जे घडले, त्याचे परिणाम पॅलेस्टाइन अजून भोगत आहे. संपादकाने मध्यस्थ व्हावे काय, हा प्रश्न त्यांना फारसा सतावलेला दिसत नाही.

स्कॉट १९२९ मध्ये निवृत्त झाले व संपादकपद धाकटे चिरंजीव एडवर्ड यांच्याकडे आले. व्यवहार थोरले जॉन पाहत होते. १ जानेवारी १९३२ रोजी स्कॉट वारले. (योगायोग असा की, पुण्यात ‘सकाळ’चा पहिला अंक निघाला तो याच दिवशी.) चारच महिन्यांनी विंडरमिअर सरोवरात होडी उलटून एडवर्ड बुडाले, बरोबरचा मुलगा रिचर्ड वाचला. आता मालकी एकट्या जॉन यांच्या हाती आली. त्यांचा मृत्यू झाला असता तर वारसाकर भरण्यासाठी पत्र विकावे लागले असते. यावर जॉन यांनी १९३६ मध्ये उपाय काढला तो असा की, आपले सर्व हक्काचे भाग त्यांनी एका विश्वस्त निधीला देऊन टाकले. मालमत्तेवरील हक्क कोणी आपणहून असा टाकून देतो, हे कायदेपंडितांनाही चमत्कारिक वाटले.

पुढे १९६६ साली पत्र तोट्यात असताना जॉन यांचे पुत्र लॉरेन्स यांनी ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये विलीन करण्याची बोलणी चालवली. ती रोखण्यात पुढाकार होता तो विश्वस्त निधीचे अध्यक्ष रिचर्ड स्कॉट यांचा, म्हणजे सरोवरातून वाचलेल्या त्याच मुलाचा. पत्र टिकले. गाव मात्र सुटले. नावातील ‘मँचेस्टर’ हा शब्द १९५९ मध्येच गळला होता, साठीच्या दशकात संपादक लंडनला गेले आणि ज्या ‘मँचेस्टर ईव्हनिंग न्यूज’च्या नफ्यावर ‘गार्डियन’ने कित्येक वर्षे तग धरला, ते स्थानिक सायंदैनिक २०१० साली विकण्यात आले.