साने गुरुजी : गोष्टीतून शब्दसंपत्ती

मुलाची शब्दसंपत्ती कशी वाढते, हा भाषाशिक्षणातील जुना प्रश्न आहे. शब्द आणि अर्थ पाठ करून घेणे हा त्यातला सोपा मार्ग होय; परंतु असा शब्द बहुधा परीक्षेपुरताच टिकतो. या प्रश्नाचे वेगळे उत्तर साने गुरुजींच्या जीवनात आढळते. त्या दृष्टीने आपण त्यांचे चरित्र पाहू.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण घरात दारिद्र्य आलेले. दापोली, औंध आणि पुणे येथे त्यांनी कष्टाने शिक्षण घेतले. शिकत असतानाच आईचे छत्र हरपले. तिच्या सहवासात कानी पडलेली कोकणातील घरगुती मराठी मात्र त्यांच्या मनात कायम राहिली.

१९२४ मध्ये ते अमळनेर येथे शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. घरापासून दूर राहणाऱ्या या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा लेखक आपल्या वाचकांना नावानिशी ओळखत होता. आपल्यासाठी कोणी लिहिले आहे, हे कळले की मूल अनोळखी शब्दापाशी अडत नाही. उत्सुकतेने पुढे वाचते आणि संदर्भातून अर्थ लावते. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून पूर्ण केले. या पुस्तकाची प्रकरणे म्हणजे रात्री सांगितलेल्या आठवणी होत. ‘पत्रावळ’ या प्रकरणात श्याम पाने जुळवून पत्रावळ लावायला शिकतो. तेथे वस्तूची व्याख्या पाठ करावी लागत नाही. हातांच्या कृतीतून आणि श्यामच्या रुसव्यातून शब्द उलगडतो. शब्दाला प्रसंग मिळतो, प्रसंगाला भावना मिळते, म्हणून तो शब्द स्मरणात राहतो.

परभाषेतील कथाही त्यांनी मुलांच्या भाषेत आणल्या. जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेच्या ‘सायलस मार्नर’ कादंबरीतील विणकर मराठीत ‘मनूबाबा’ झाला. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

आता हा विचार आपल्या परिसराला लावून पाहा. त्याच पंढरीच्या वाटेवर, बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यान, सणसर हे तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव आहे. येथल्या मुलाला दिंडी, रिंगण, विसावा हे शब्द पुस्तकाआधीच ठाऊक असतात. साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड कामगारांची मुले येतात. त्यांच्याजवळ मोळी, वाढे, कोपी, कोयता हे शब्द असतात. हे शब्द अशुद्ध किंवा गावंढळ म्हणून खोडले, तर मूल वर्गात बोलेनासे होते. याउलट त्याच शब्दांची गोष्ट त्याला लिहू दिली, तर ‘कोपी’च्या शेजारी ‘निवारा’ आणि ‘स्थलांतर’ हे नवे शब्दही सहज येऊन बसतात. मुलाच्या घरच्या शब्दाला मान देऊन पुढचा शब्द जोडणे, हेच गुरुजींच्या लेखनातून शिक्षकाने आणि पालकाने घ्यावयाचे मर्म होय.

स्वयं-अध्ययनासाठी

१. हस्तलिखित दैनिक आणि पाठ्यपुस्तक यांत वाचकाशी असलेले नाते कसे वेगळे ठरते, ते लिहा.
२. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका मुलाकडून त्याच्या रोजच्या वापरातील पाच शब्द घ्या. ते शब्द घेऊन त्याच्यासोबत दहा ओळींची गोष्ट रचा. गोष्टीच्या ओघात आलेल्या तीन नव्या शब्दांची नोंद करा.