तिहेरी तलाकविरोधात १९६६ मध्येच मोर्चा काढणारे हमीद दलवाई कोण होते?

१८ एप्रिल १९६६. मुंबईत सात मुस्लिम महिला विधिमंडळावर मोर्चा घेऊन निघाल्या. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. मोर्चाचे नेतृत्व करत होते ३३ वर्षांचे हमीद दलवाई.

कोकणातला लेखक
दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळी गावात झाला. तरुणपणी ते राष्ट्र सेवा दलात गेले. पुढे 'मराठा' दैनिकात पत्रकारिता केली. 'लाट' हा कथासंग्रह आणि 'इंधन' ही कादंबरी यामुळे मराठी वाचक त्यांना ओळखू लागले.

मागणी नेमकी काय होती?
१९३७ च्या शरियत कायद्यामुळे मुस्लिमांचे विवाह आणि तलाक धार्मिक नियमांनुसार होत. पती तीनदा तलाक म्हणून मोकळा होई. पत्नीला मात्र १९३९ च्या कायद्यानुसार कोर्टात कारणे सिद्ध करावी लागत. धर्म कोणताही असो, स्त्रीचा हक्क नागरिक म्हणून कायद्याने जपावा, असे दलवाईंचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांना समान नागरी कायदा हवा होता.

समाजातून विरोध झाला, तरी ते मागे हटले नाहीत. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मंडळ तलाकपीडित महिलांच्या पाठीशी उभे राहिले. मूत्रपिंडाच्या आजाराने ३ मे १९७७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार धार्मिक विधी न करता दहन करण्यात आले. पत्नी मेहरुन्निसा यांनी काम पुढे चालू ठेवले.

नंतर काय झाले?
• १९८५ : शाहबानो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पोटगी मंजूर केली.
• १९८६ : विरोधानंतर केंद्राने नवा कायदा करून या निकालाचा परिणाम मर्यादित केला.
• २०१७ : सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला.
• २०१९ : असा तलाक गुन्हा ठरला, पतीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आज काय बदलले?
आज चौक किंवा कर्जतमधल्या महिलेला असा तलाक दिला, तर तिचे लग्न मोडत नाही. ती किंवा तिचे नातेवाईक पोलीस ठाण्यात तक्रार करू शकतात. स्वतःच्या आणि मुलांच्या निर्वाहासाठी ती भत्ताही मागू शकते. १९६६ मध्ये असा तलाक रोखणारा कायदा नव्हता. बहुपत्नीत्व आणि निकाह हलालाविरोधातील याचिका २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपवण्यात आल्या. म्हणजे दलवाईंच्या लढ्यातला एक टप्पा पूर्ण झाला, सगळा लढा नाही.