कामाच्या जागेची धूळ आणि फुप्फुसे: डॉ. बर्नार्दिनो रामाझिनी यांचे कार्य

खोकला किंवा दम लागण्याची तक्रार घेऊन रुग्ण आला की डॉक्टर त्याचे वय, जुने आजार आणि बिडी-सिगारेटची सवय विचारतात. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे रुग्ण काय काम करतो. हा प्रश्न वैद्यकाला शिकवला तीनशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन डॉक्टरांनी. त्यांचे नाव बर्नार्दिनो रामाझिनी. व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

सुरुवातीचे आयुष्य

रामाझिनी यांचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीतील कार्पी या गावी झाला. पार्मा येथे शिक्षण घेऊन १६५९ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे रोमजवळच्या भागात काम करत असताना त्यांना मलेरियाने गाठले आणि प्रकृती सुधारण्यासाठी ते कार्पीला परतले. १६७१ मध्ये ते मोडेना शहरात स्थायिक झाले. १६८२ पासून तेथील विद्यापीठात ते वैद्यक शिकवू लागले.

मैल्याचा खड्डा उपसणारा कामगार

त्या काळी मोडेनातील घरांचे मैल्याचे खड्डे काही वर्षांनी माणसे लावून उपसले जात. रामाझिनींच्या घरी हे काम चालू असताना एक कामगार अतिशय घाईने काम करताना त्यांना दिसला. त्यांनी कारण विचारले. खड्ड्यात फार वेळ राहिले तर डोळे जातात, म्हणून लवकर आटोपायचे असते, असे त्याने सांगितले. त्याचे डोळे लाल झाले होते आणि दृष्टी मंदावली होती. पुढे रामाझिनींना कळले की शहरात भीक मागणाऱ्या काही अंध माणसांनी पूर्वी हेच काम केले होते.

अशा खड्ड्यांत हायड्रोजन सल्फाईडसारखे विषारी वायू साचतात, हे आज आपल्याला माहीत आहे. हे वायू डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला इजा करतात, त्यांचे प्रमाण जास्त असेल तर काही क्षणांत जीवही जाऊ शकतो. रामाझिनींना वायूचे नाव माहीत नव्हते. पण आजाराचे मूळ कामाच्या जागेत आहे, हे त्यांनी ओळखले. त्यानंतर ते कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊन पाहू लागले, त्यांच्याशी बोलू लागले. प्रतिष्ठित डॉक्टरांना हे कमीपणाचे वाटण्याचा तो काळ होता.

धुळीने होणारे आजार

या निरीक्षणांतून १७०० साली त्यांचा कामगारांच्या आजारांवरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक धंद्यांची माहिती होती. श्वासावाटे शरीरात जाणारी धूळ आणि वाफा हे आजारांचे एक मोठे कारण असल्याचे त्यांनी त्यात मांडले. त्यांनी वर्णन केलेले धंदे आपल्याकडेही आहेत.

• गिरणीवाले आणि पाव भाजणारे: पिठाच्या धुळीने त्यांना खोकला व दमा होतो, असे त्यांनी लिहिले. पिठातील प्रथिनांची ॲलर्जी होऊन हा दमा जडतो, हे नंतरच्या संशोधनातून कळले.

• धान्य चाळणारे व मोजणारे: धान्याच्या बारीक धुळीने घसा कोरडा पडतो, खोकला येतो आणि दम लागतो, असे त्यांना आढळले.

• जवस, अंबाडीसारखे धागे व रेशीम पिंजणारे: हे कामगार फिकट पडतात, सतत खोकतात आणि त्यांना धाप लागते, असे त्यांनी नोंदवले. कापूस, जवस व अंबाडीच्या धुळीने होणाऱ्या आजाराला आज बिसिनोसिस म्हणतात. कापड गिरणीच्या ब्लोरूम व कार्डिंग खात्यात त्याचा धोका जास्त असतो. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे ठळक लक्षण आहे.

• दगड फोडणारे व घडवणारे: दगडाचे बारीक कण छातीत जाऊन साठतात, असे त्यांनी सांगितले. एका डच डॉक्टरांना अशा कामगारांच्या शवविच्छेदनात फुप्फुसे वाळूने भरल्यासारखी आढळली होती. त्याचाही दाखला रामाझिनींनी दिला. हा आजार म्हणजेच सिलिकोसिस.

धूळ आत जाऊन काय करते?

मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, ते शिंकेवाटे व कफावाटे बाहेर पडतात. डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दगडातील सिलिकाचे असे कण गिळणाऱ्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात. त्यामुळे तेथे सूज येते आणि हळूहळू व्रण तयार होतो. फुप्फुस कडक होते, प्राणवायू कमी मिळतो. हा व्रण औषधाने जात नाही आणि काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयरोग होण्याचा धोकाही जास्त असतो. दोन्ही आजारांत खोकला, धाप व वजन घटणे दिसते. म्हणून कामाची माहिती नसेल तर केवळ क्षयाचे निदान होऊन सिलिकोसिस नजरेतून सुटू शकतो.

रामाझिनींचा सल्ला

रुग्णाची विचारपूस कशी करावी, याची पद्धत प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसपासून चालत आली होती. तिच्यात धंदा कोणता, या प्रश्नाची भर घालावी, असा आग्रह रामाझिनींनी धरला. गरिबाच्या घरी गेल्यावर डॉक्टरने घाई करू नये, मिळेल त्या साध्या बाकावर बसून नीट ऐकावे, असेही त्यांनी सांगितले. तोंड-नाक झाकावे, तोंड धुवावे, हवा खेळती ठेवावी, असे उपाय त्यांनी सुचवले. कामामुळे प्रकृती ढासळत असेल तर धंदा बदलावा, असेही त्यांचे मत होते.

१७०० सालीच त्यांना पाडुआच्या प्रसिद्ध विद्यापीठात बोलावणे आले. वय वाढत होते, दृष्टी जात चालली होती, तरी त्यांनी काम थांबवले नाही. १७१३ मध्ये त्यांनी आणखी धंद्यांची भर घालून ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी पाडुआ येथे त्यांचे निधन झाले.

रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी काय करावे?

१. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले काम सांगा. सध्याचे आणि पूर्वीचेही. सिलिकोसिस अनेकदा कामाला लागल्यानंतर दहा-वीस वर्षांनी दिसतो.

२. कोणती धूळ, धूर किंवा वाफ असते, रोज किती तास काम चालते, सुट्टीत त्रास कमी होतो का, सोबतच्या कामगारांनाही त्रास आहे का, हे सांगा.

३. छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री याबद्दल डॉक्टरांना विचारा.

४. साधा रुमाल अतिसूक्ष्म धूळ अडवत नाही. चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लागतो. मात्र पाणी मारून काम करणे आणि धूळ खेचून घेणारी यंत्रणा बसवणे हे अधिक परिणामकारक उपाय आहेत.

५. कामाचे कपडे घरी झटकू नका. ॲस्बेस्टॉससारखी धूळ कपड्यांवरून घरातल्यांपर्यंत पोहोचते.

६. धूम्रपान बंद करा. धूळ आणि धूर मिळून फुप्फुसांचे नुकसान अधिक करतात.

७. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, बिसिनोसिस आणि उसाच्या चोयट्यांच्या धुळीने होणारा बॅगॅसोसिस यांना भारतीय कायद्यात व्यवसायजन्य आजार मानले आहे. त्यांसाठी नुकसानभरपाईची तरतूद आहे. म्हणून कामाची कागदपत्रे, हजेरी कार्ड, जुने एक्स-रे आणि तपासणीचे अहवाल जपून ठेवा.

घरात कोणाला जुना खोकला किंवा धाप असेल आणि ती व्यक्ती धुळीत काम करत असेल किंवा पूर्वी करत असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना तिने आजवर केलेल्या कामांची यादी कागदावर लिहून सोबत न्या.