टेरी फॉक्स : धड्यात नसलेला भाग

कॉन्व्हेंटमध्ये असताना मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरनी आम्हाला टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली होती. कॅनडातला मुलगा, कॅन्सरमुळे एक पाय गेला, तरी देशभर धावला. टाळ्या झाल्या, बेल झाली. तो धावायचा थांबला का आणि कधी, हे मी तेव्हा विचारलंच नाही.

गेल्या दिवाळीत मोलगीला घरी गेले तेव्हा ती गोष्ट अचानक आठवली. माझ्या आतेभावाच्या गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सरची गाठ निघाली होती. आधी सगळ्यांना वाटलं की कबड्डीत मार लागला असेल, आणि दोन महिने तेल चोळण्यात गेले. मग नंदुरबार, तिथून मुंबईला परळ. ऑपरेशन होऊन तो घरी आला होता. ओट्यावर बसलेलो असताना त्याने हळूच विचारलं की ताई, हे परत येतं का. मी इंजिनिअरिंगवाली, काय सांगणार! हॉस्टेलला आले आणि सबमिशन बाजूला सारून टेरीबद्दल मिळेल ते वाचून काढलं. (माझं मराठी जरा सांभाळून घ्या.)

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ चा, विनिपेग शहरातला. उंची बेताची, पण बास्केटबॉलचं वेड असं की हट्टाने युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये शिरला. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला आणि उजवा गुडघा दुखावला. मार्च १९७७ मध्ये दुखणं असह्य झालं तेव्हा कळलं, ऑस्टिओसार्कोमा. म्हणजे हाडाचा कॅन्सर, जो बहुतेक वेळा वाढत्या वयातल्या मुलांना गाठतो. अपघातामुळेच हे झालं असं टेरीला शेवटपर्यंत वाटायचं. डॉक्टरांना तसा संबंध दिसला नव्हता. आमच्याकडची कबड्डी तीच!

अठराव्या वर्षी त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला. मग सोळा महिने केमोथेरपी. पाय तर काढला, मग केमो कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पूर्वी नुसता पाय कापायचे तेव्हा दहापैकी साधारण आठ जणांना रोग परत यायचा, तोही बहुतेक फुफ्फुसात. कारण गाठ हाडात दिसायच्या आधीच काही पेशी रक्तातून निसटलेल्या असतात. एक्स-रेमध्येही न दिसणाऱ्या त्या पेशींसाठी केमो. टेरीला डॉक्टरांनी सांगितलं होतं की जगण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, आणि दोनच वर्षांपूर्वी ती पंधरा टक्के असती. हा फरक संशोधनाने पडला, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

वॉर्डातली लहान मुलं पाहून तो अस्वस्थ झाला होता. संशोधनासाठी पैसे जमवायला कॅनडा पळत ओलांडायचं त्याने ठरवलं. १२ एप्रिल १९८० ला सेंट जॉन्सच्या किनाऱ्यावर कृत्रिम पाय अटलांटिकमध्ये बुडवून तो निघाला. मित्र डग व्हॅन चालवायचा. रोज साधारण ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन! आमच्या घाटात तर एसटीत बसूनसुद्धा जीव मेटाकुटीला येतो. मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगते, त्याच्या पायातली स्प्रिंग प्रत्येक पावलानंतर मूळ स्थितीला यायला वेळ घ्यायची, म्हणून तो चांगल्या पायावर दोन उड्या आणि कृत्रिम पायावर एक असं धावायचा. उरलेल्या मांडीतून रक्त यायचं.

आणि इथेच धड्यात नसलेला भाग येतो. धावताना टेरीने डॉक्टरांच्या तपासण्या टाळल्या. मला त्याचा रागच आला, खरं सांगते. १ सप्टेंबर १९८० ला थंडर बे गावाजवळ खोकला आणि छातीतल्या दुखण्याने तो थांबला. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर झाले होते. कॅन्सर फुफ्फुसात पोचला होता, ऑपरेशननंतर साडेतीन वर्षांनी. तपासण्या केल्या असत्या तर तो वाचला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही.

फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांवर डॉलर जमले, म्हणजे देशातल्या माणसामागे एक. तेवढंच त्याने मागितलं होतं. २८ जून १९८१ ला तो गेला, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना. त्याच्या नावाची धाव पुढे जगभर सुरू झाली, मुंबईतही झाली.

मग आतेभावाला फोन केला. जे वाचलं ते काही न लपवता सांगितलं. परत येतं, पण सगळ्यांना नाही. गाठ मोठी असेल, कमरेच्या किंवा मणक्याच्या हाडात असेल, कापलेल्या कडेला पेशी राहिल्या असतील, सुरुवातीलाच फुफ्फुसात डाग असेल, तर धोका जास्त. ऑपरेशनच्या आधीच्या केमोने गाठीतल्या ९० टक्के किंवा जास्त पेशी मेल्या असतील तर धोका कमी. हा आकडा पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये असतो. केमो अर्धवट सोडायची नाही. परत आलं तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत, पण टेरीसारखं उशिराही येतं. फुफ्फुसात एखाद-दुसरा डाग लवकर सापडला तर तो ऑपरेशनने काढता येतो, आणि त्यातून बरे झालेलेही आहेत. तपासणीला छातीचा फोटो काढतात तो यासाठीच. त्याला वाटत होतं, दुखणं पायाचं आणि फोटो छातीचा, म्हणजे डॉक्टरांची काहीतरी गडबड आहे, म्हणून पुढच्या वेळी जायचं नाही असं त्याने मनात ठरवलं होतं.

आता जायचं ठरलंय. फाईल आत्याने पिशवीत घालून खुंटीला लावलीय. मोलगीहून पहाटेची गाडी धरून तो नंदुरबारला येईल, मी तिथे भेटेन. दोन प्रॅक्टिकल बुडतील, सरांना विचारून ठेवलंय.