डॉ. नॉर्मन बेथून : स्पेनमधून चीनला गेलेला डॉक्टर



सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगतो. चीनमध्ये ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्या रुग्णालयाला डॉ. बेथून यांचं नाव होतं. मग हे बेथून कोण? एखाद्या मुलाने असं विचारलं तर सांगता यावं, म्हणून आजचा हा जीवन परिचय.

जन्म आणि शिक्षण

नॉर्मन बेथून यांचा जन्म मार्च १८९० मध्ये कॅनडातील ग्रेव्हनहर्स्ट या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेण्याच्या कामात ते सामील झाले आणि १९१५ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर स्वतःच जखमी झाले. परत येऊन १९१६ मध्ये ते डॉक्टर झाले.

आजाराने दिलेली दिशा

१९२६ मध्ये त्यांना क्षयरोग झाला. त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. छातीत हवा भरून आजारी फुप्फुसाला विश्रांती देण्याचा उपचार त्यांनी हट्टाने करून घेतला आणि ते बरे झाले. पुढे मॉन्ट्रियल शहरात ते छातीच्या शस्त्रक्रिया करू लागले. शस्त्रक्रियेची काही हत्यारंही त्यांनी तयार केली. पण एक गोष्ट त्यांना सतत टोचत होती. गरीब रुग्ण बरा होऊन त्याच कोंदट घरात, त्याच अर्धपोटी जगण्यात परत जायचा आणि पुन्हा आजारी पडायचा. म्हणून त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. याच काळात ते कम्युनिस्ट पक्षातही गेले.

स्पेन

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. बेथून स्वयंसेवक म्हणून नोव्हेंबरमध्ये माद्रिदला पोहोचले. कितीतरी जखमी सैनिक रुग्णालयात येण्याआधीच रक्तस्रावाने मरत होते. मग रक्तच आघाडीवर का नेऊ नये? शहरातल्या लोकांनी रक्तदान केलं. ते बाटल्यांत भरून, थंड ठेवून गाडीने जखमींपर्यंत पोहोचवलं जाऊ लागलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये मालागा शहरातून हजारो लोक पायी पळत होते. तेव्हा याच गाडीने बेथून आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसांची ने-आण केली.

स्वभाव मात्र तापट. सहकाऱ्यांशी, अधिकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले आणि १९३७ च्या मध्यावर त्यांना कॅनडात परतावं लागलं. ते काम त्यांच्या मागे चालू राहिलं, पण त्यांचा स्वतःचा त्यातला वाटा संपला होता.

मध्येच देश बदलला

कॅनडात गावोगावी भाषणं करून ते स्पेनसाठी पैसे जमवत होते. तेवढ्यात जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. बेथून यांच्या मते लढाई एकच होती, फक्त जागा वेगळी. जानेवारी १९३८ मध्ये ते जहाजाने निघाले आणि मार्चअखेर येनानला पोहोचले. तिथून पुढे ते उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले.

इथे सगळंच वेगळं होतं. भाषा येत नव्हती. वीज नाही, मोटारीला रस्ते नाहीत, रक्त थंड ठेवायची सोय नाही. स्पेनमधली गाडी आणि बाटल्या इथे काहीच कामाच्या नव्हत्या. उपयोगी पडला तो फक्त विचार : जखमीला डॉक्टरकडे आणण्यापेक्षा डॉक्टरने जखमीकडे जावं. गाडीच्या जागी खेचरं आली. रक्तदाता थेट जखमीजवळ आणला जाऊ लागला आणि बेथून यांनी स्वतःचंही रक्त दिलं. सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांनी एक आदर्श रुग्णालय उभारलं, पण ते लवकरच जपानी सैन्याने नष्ट केलं. मग त्यांनी फिरत्या पथकांवर भर दिला. एका लढाईत त्यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या.

आणखी एक काम त्यांनी केलं, ते म्हणजे शिकवण्याचं. तिथे शिकलेले डॉक्टर फारच थोडे होते. म्हणून त्यांनी तरुणांना हाताशी धरून शिकवलं आणि त्यांच्यासाठी पुस्तिकाही लिहिली.

शेवट आणि वारसा

ऑक्टोबर १९३९ मध्ये हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. विष अंगभर पसरलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. वय अवघं ४९.

कोटणीस त्या भागात पोहोचले तेव्हा बेथून हयात नव्हते. पण त्यांचं काम थांबलं नव्हतं. १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी कोटणीसांनी घेतली. ९ डिसेंबर १९४२ रोजी तेही तिथेच वारले. आज दोघांच्याही समाधी शिजियाझुआंग शहरात आहेत.

वर्गात काय करता येईल?

नकाशावर कॅनडा, स्पेन आणि चीन जोडायला सांगा. मग विचारा : नवीन ठिकाणी जाताना बेथून यांना काय मागे सोडावं लागलं आणि काय सोबत नेता आलं? वर्गात शाळा बदलून आलेलं एखादं मूल असेल तर हाच प्रश्न त्यालाही विचारा. उत्तर नक्की ऐकण्यासारखं असेल.